पाण्यात उतरलेल्या विमानाचं दार

15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर प्रवासी विमान उतरलं, सगळेच्या सगळे 155 जण वाचले, आणि त्याला 'चमत्कार' हे नाव चिकटलं. पण चमत्कार म्हटलं की वैमानिकाचं कसब आणि काही मिनिटांत पोचलेल्या बोटी विसरायला होतात. चार आसनी विमानात तर सगळं स्वतःच करायचं असतं.

सेसना 172 या चार आसनी विमानाचं इंजिन 5000 फुटांवर बंद पडलं, तर 65 नॉट (ताशी सुमारे 120 किलोमीटर) वेगाने तरंगत खाली यायला सातेक मिनिटं मिळतात. तेवढ्यात रेडिओच्या 121.5 मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या लहरीवर 'मेडे' हा संकटाचा इशारा आणि ठिकाण सांगायचं, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर 7700 हा आणीबाणीचा आकडा लावायचा, सुटं सामान बांधायचं, पट्टे आवळायचे. उतरायचं ते मोठ्या लाटांच्या रांगांना समांतर, शक्य तितकं हळू, शेपूट खाली ठेवून. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: 50 ऐवजी 60 नॉटला टेकलात तर 44 टक्के जास्त. चाकं आत ओढता येत नसतील तर ती आधी पाण्यात रुततात, नाक बुडतं, कधी विमान उलटंही होतं.

इथवर बहुतेक जण जिवंत असतात. खरी अडचण दाराची.

धक्क्याने सांगाडा पिळवटला की दार चौकटीत घट्ट बसतं. म्हणून टेकण्याआधीच कडी सोडून फटीत बूट अडकवायचा. दुसरं कारण पाण्याचा दाब. पंख वर असलेलं विमान पंखांपर्यंत बुडतं, म्हणजे अख्खं दार पाण्याखाली जातं. दार 1 मीटर उंच, 80 सेंटिमीटर रुंद धरा. वरच्या कडेपर्यंत पाणी असेल आणि आत हवा, तर सरासरी दाब अर्ध्या मीटर खोलीचा, सुमारे 5 किलोपास्कल. गुणिले 0.8 चौरस मीटर: 4000 न्यूटन, म्हणजे जवळपास 400 किलोचं वजन. बिजागरी एका कडेला आणि तुम्ही दुसऱ्या कडेला रेटताय, म्हणून तरफेच्या नियमाने निम्मं, तरी 200 किलो! पैलवानालाही जमणार नाही. मात्र आत पाणी भरलं की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि तेच दार सहज ढकललं जातं. म्हणून दार हटत नसेल तर खिडकी उघडून पाणी आत घ्यायचं, शेवटचा श्वास भरून घ्यायचा आणि मग रेटायचं. हे मनाला पटत नाही, पण दाबापुढे मनाचं चालत नाही.

हेडसेट आधीच काढून ठेवावा, वायरीत मान अडकते. एक हात दाराच्या मुठीवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. विमान थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. उलटं लटकलेल्या माणसाला वर-खाली कळत नाही, मुठीवरचा हात तेवढा दिशा सांगतो.

लाइफ जॅकेट आधीच अंगात हवं, पण फुगवायचं नाही. फुगलेलं जॅकेट 15 किलोच्या आसपास जोराने वर ढकलतं आणि माणूस बुडत्या केबिनमध्ये वरच्या बाजूला चिकटून बसतो. दार तर खाली असतं. 1996 मध्ये हिंद महासागरातल्या कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडलेल्या विमानात कित्येकांनी जॅकेटं आतच फुगवली आणि ते अडकून बुडाले. जॅकेट फुगवायची दोरी ओढायची ती दाराबाहेर पडल्यावर.