उलटा बसवलेला खांदा

गुडघा बदलतात तेव्हा झिजलेल्या हाडाच्या जागी धातू आणि प्लास्टिक येतं, आकार साधारण तोच राहतो. खांद्याचंही तसंच असणार असं धरून चाललेले नातेवाईक एक्स-रे बघून चमकतात. गोळा पाठीच्या फऱ्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर! लगेच ‘डॉक्टरांनी उलटं बसवलं’ अशी कुजबुज सुरू. अहो, ही ‘रिव्हर्स’ म्हणजे उलटा खांदा बसवण्याची शस्त्रक्रिया, हिच्यात उलटंच बसवायचं असतं.

मूळ खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा फऱ्याच्या खाचेत फिरतो. पाठ्यपुस्तकात हा उखळीचा सांधा. प्रत्यक्षात ही उखळ बशीसारखी उथळ. गोळा तिच्यात टिकतो तो मुख्यतः रोटेटर कफच्या, म्हणजे सांध्याला वेढणाऱ्या चार स्नायूंच्या, दाबामुळे. हात उचलतो बाहेरचा जाड डेल्टॉइड स्नायू, पण हात लोंबत असताना त्याची ओढ जवळजवळ सरळ वर असते. कफ गोळ्याला दाबून धरतो, म्हणून हात फिरून वर येतो. कफ पार फाटला की टेकूच जातो. गोळा वर सरकून वरच्या हाडावर घासत राहतो आणि हात तिथेच. (हाडवैद्याच्या तेलानं आणि हिसक्यानं हा कफ जुळत नाही, हिसक्यानं उरलेलाही जाऊ शकतो.)

अशा खांद्यासाठीच उलटा सांधा. त्याचे प्रयोग १९७० च्या दशकातही झाले होते. फिरण्याचं केंद्र हाडापासून दूर राहायचं, मग हालचालीगणिक सांध्याची हाडातली पकड उचकटायची. फ्रान्समधल्या दिजाँचे अस्थिशल्यचिकित्सक पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये आपला सांधा आणला आणि १९९१ च्या डेल्टा-३ या नमुन्यापर्यंत तो सुधारत नेला. फऱ्यावर मोठा अर्धगोल, गोळा आणि हाड यांच्यामधे मान नाही, थेट हाडाला टेकलेला. केंद्र आत हाडापाशी आलं, दंडाचं हाड खाली उतरलं. शाळेतली तरफ आठवा: टेकू आत सरकला, डेल्टॉइडची बलभुजा वाढली. शिवाय तो ताणला गेला आणि त्याचे पुढचे-मागचे तंतूही हात उचलायच्या कामी लागले. मात्र मागचे तंतू तिकडे गेल्यानं दंड बाहेर वळवायला बळ कमी पडतं. टेरेस मायनर हा कफचा छोटा स्नायूही गेला असेल, तर हात उठतो पण केस विंचरताना आत कलंडतो. सगळी भिस्त डेल्टॉइडवर, त्यामुळे त्याची नस निकामी असेल तर ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत.

पुढचे नियमही या रचनेतूनच येतात. साधारण चार ते सहा आठवडे स्लिंग, मग दुसऱ्या हाताच्या आधारानं हात उचलणं, आधी झोपून, नंतर बसून. जोर लावण्याचे व्यायाम बहुधा बारा आठवड्यांनंतर. हात मागे, कोपर अंगाला चिकटलेलं, दंड आत वळलेला, हे तिन्ही एकत्र आलं की वाटी गोळ्यावरून निसटू शकते. म्हणून ब्लाउजचे मागचे हूक, मागच्या खिशातलं पाकीट, खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठणं, सगळं बंद. झोपतानाही कोपराखाली उशी हवी, कोपर स्वतःला दिसलं पाहिजे.

शौचाला धुण्याचं कसं करायचं, हे लाजेनं कुणी विचारत नाही. डावा खांदा असेल तर शस्त्रक्रियेआधीच विचारा. मागे हात नेणं काहींना नंतरही पूर्ण जमत नाही. घरी जेट स्प्रे नसेल तर आधीच बसवून घ्या आणि उजव्या हातानं सवय करा.