पाणी गार झालं म्हणून मस्की वर येत नाही?

अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडे मस्की या मोठ्या शिकारी माशाच्या मागे गळ घेऊन लागलेल्यांत एक समज घट्ट रुजलाय: पाणी १५ अंश सेल्सिअसखाली गेलं की टॉपवॉटर (पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायची) आमिषं पेटीत टाकायची, कारण मासा तळाशी जातो.

हे अर्धवट आहे. मस्की थंड रक्ताचा, गारठ्यात मंदावतो, हे मान्य. पण खाणं सोडत नाही. शिवाय शरदात तळ्याचं पाणी वर-खाली घुसळून निघतं आणि वरपासून तळापर्यंत तापमान जवळपास सारखं होतं. मग ‘ऊब शोधायला तळाशी’ जाण्यात काय अर्थ? उलट शरद सरताना सिस्को मासे अंडी घालायला उथळ खडकाळ भागात जमतात आणि मस्की त्यांच्या मागावर असतो. १० अंशांच्या आसपासही तो पाण्यावरचं आमिष घेतो.

चुकतं ते बहुधा वेगात. जुलैसारखं गरागरा रीळ फिरवू नका. आमिष हळू, एकसारखं ओढा. मागे पाणी उसळलं तरी लगेच झटका नको (हात शिवशिवतात, माहीत आहे), आधी वजन जाणवू द्या. वारा पडलेली दुपार सगळ्यांत बरी. गळाच्या काठीवरच्या, दोरी ओवायच्या कड्यांत बर्फ धरू लागला, की मात्र मोठं रबरी आमिष किंवा जिवंत सकर (आमिषाचा मासा) लावावा.