लष्कराच्या भाकऱ्या आणि घरचा किराणा

चालती नोकरी सोडून कुणी गावात पाण्याचं काम करायला गेलं किंवा पाड्यावर शिकवायला गेलं, की त्याच्या बातमीचा सूर ठरलेला असतो: लाखोंच्या पगारावर पाणी सोडलं. घर आता कसं चालणार, हे बातमीत कुणी विचारत नाही. घरातले मात्र पहिल्याच दिवशी विचारतात. पेशा बदलून लोकांच्या कामाला लागलेल्यांची परंपरा महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. त्यागाच्या कथा बाजूला ठेवून ती पाहिली, तर या एका प्रश्नाला प्रत्येक पिढीने वेगळं उत्तर शोधलेलं दिसतं.

पहिलं उत्तर पुण्यातलं. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. सरकारी नोकरी किंवा वकिलीत सहज कमावतील अशा पदवीधरांनी आजीव सभासद व्हायचं, बेताच्या पगारावर वीस वर्षं शिकवायचं, असा करार होता. त्याग सगळ्यांना मान्य होता, पण बाहेरच्या कमाईचं काय करायचं यावर बिनसलं. सभासदाने आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, हा टिळकांचा आग्रह. बाकीच्यांना तो जाचक वाटला. इतर मतभेद होतेच. 1890 च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला आणि गणित शिकवायला माणूस हवा म्हणून मुंबईहून धोंडो केशव कर्वे आले.

कर्व्यांचं उदाहरण नेहमी चुकीच्या कारणासाठी दिलं जातं. त्यांनी नोकरी सोडून उडी घेतली नव्हती. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, काही वर्षांनी तो पुण्याजवळ हिंगण्याला गेला, आणि हे सगळं होत असताना ते कॉलेजात गणित शिकवत होते, हिंगण्याहून रोज पायी येऊन-जाऊन. 1914 मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले. महिला विद्यापीठ काढलं 1916 मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. म्हणजे त्यांचं सर्वांत मोठं काम आपण ज्याला निवृत्तीचं वय म्हणतो तिथे सुरू झालं, आणि त्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत पगार चालू होता.

गोखल्यांनी हाच विचार जास्त कडक केला. स्वतः फर्ग्युसनमधली नोकरी आटोपून ते 1902 मध्ये बाहेर पडले आणि 12 जून 1905 रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. सभासद सात शपथा घेत. त्यातल्या एका शपथेनुसार, संस्था कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानायचं आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करायची नाही. ध्येयाइतकाच घरखर्चही शपथेत लिहून टाकला होता. माझ्या मते या संस्थेची खरी हुशारी तीच.

ती कुणासाठी उपयोगी पडली, ते अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांच्याकडे पाहून कळतं. भावनगरचा हा माणूस पुण्यात इंजिनिअरिंग शिकला, पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेवर राबला, सांगली संस्थानात इंजिनिअर होता आणि मग मुंबई महापालिकेत लागला. शहराचा कचरा कुर्ल्याकडे वाहून नेण्याच्या कामावर देखरेख करताना सफाई कामगारांच्या वस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कामाशीही तेव्हाच संबंध आला. 1914 मध्ये, पंचेचाळिशीच्या आसपास, राजीनामा देऊन ते गोखल्यांच्या संस्थेत दाखल झाले. पुढे पंचमहालातला दुष्काळ पाहून 1922 मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं. 1932 नंतर हरिजन सेवक संघाचं सरचिटणीसपद त्यांच्याकडे आलं आणि देश त्यांना ठक्करबाप्पा म्हणू लागला. त्यांची इंजिनिअरकी काही वाया गेली नाही. दुष्काळात माणसं, धान्य आणि हिशेब यांची जुळवाजुळव करायला भाषणापेक्षा साइटवरचा अनुभवच लागतो.

बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत. ती सोडून 1949 मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. शेती करा, वस्तू तयार करा, आपलं आपण खा, हे समितीच्या आनंदवनाचं उत्तर. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की इथे एवढं पुरे.

मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते विलासराव साळुंखे यांच्यापाशी. पुण्यातले इंजिनिअर आणि उद्योजक. त्यांचा कारखाना अचूक मापाची गेजेस, म्हणजे मोजमापाची साधनं, बनवायचा. 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात हजारो माणसं सरकारी कामावर खडी फोडताना त्यांनी पाहिली. त्याच माणसांच्या शेतावर पडलेला थोडाफार पाऊस ओढ्याने निघून जात होता. साळुंख्यांनी नायगावला देवस्थानची 40 एकर बरड जमीन कराराने घेतली, समपातळीचे बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर खणली आणि पाणी उचलून वर दिलं. पत्नी कल्पनाताई या कामात बरोबरीने होत्या. त्यातूनच ग्राम गौरव प्रतिष्ठान आणि पाणी पंचायत उभी राहिली.

बांध इतरांनीही घातले होते. पाणी पंचायतीचं वेगळेपण नियमांत आहे. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणशी: दर माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. बारमाही पाणी पिणारा ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला वाटा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. मापाच्या धंद्यातला माणूस पाण्याकडे वळला की असे नियम होतात: मोजता येतील, वाटता येतील, भांडण झालं तर दाखवता येतील. उसाच्या पट्ट्यात हे सगळीकडे का पसरलं नाही, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. साळुंखे 2002 मध्ये गेले. आधाराला स्वतःचा कारखाना असल्याने घरखर्चाची शपथ त्यांना घ्यावी लागली नाही, हेही नोंदवायला हवं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं आणखी एक उत्तर क्वचित उच्चारलं जातं: बायकोची कमाई. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी बारा वर्षांची प्रॅक्टिस थांबवून अंधश्रद्धा निर्मूलनाला वाहून घेतलं, तेव्हा साताऱ्यातला दवाखाना डॉ. शैला दाभोलकर चालवत होत्या. अनिल अवचट डॉक्टर होऊनही लेखनाकडे वळले. घरात नियमित पगार येत होता तो डॉ. सुनंदा अवचट यांच्या येरवडा मनोरुग्णालयातल्या नोकरीचा. 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, त्याच्या मुळाशीही सुनंदाताईंचा त्याच रुग्णालयातला अनुभव होता. पुरुषाच्या नव्या सुरुवातीचा सत्कार करताना हार एकच आणला जातो, ही आपली जुनी खोड.

याच काळात गिरणगावात पेशा बदलायची पाळी कुणालाही न विचारता आली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि बहुतेकांना गिरणी परत मिळाली नाही. कुणी भाजी विकली, कुणी वॉचमन झाला, बरेच कोकणात, घाटावर परतले. त्या घरांना टेकू होता तो बायकांच्या कामाचा. खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ काढून बँकेच्या कर्जाची वाट उघडली होती. पोळी-भाजीच्या रोजच्या कामालाच तिथे व्यवसायाची पत मिळाली. त्याग वगैरे शब्द त्या बायकांच्या बाबतीत कुणी वापरत नाही, पण नवी सुरुवात म्हणायची तर तीही होतीच.

डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून गडचिरोलीत आले, तेव्हा त्यांनी डॉक्टरकी सोडली नाही, तिची जागा बदलली. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि मृत्यूंची नोंद काटेकोर ठेवली. म्हणूनच 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचा निष्कर्ष सरकारला नाकारता आला नाही.

आजचं उत्तर कायद्यातून आलंय. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार 1 एप्रिल 2014 पासून ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा 2 टक्के भाग सामाजिक कामावर खर्चावा लागतो. त्यामुळे संस्थांमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर, फायनान्स, डेटा अशा पगारी जागा निघाल्या. आयटीतून बाहेर पडलेला माणूस आता शपथ घेत नाही, इंटरव्ह्यू देतो. आणि महिन्याभरात त्याच्यासमोर तीच एक्सेल शीट आणि तोच तिमाही अहवाल येतो. मला यात वावगं काही वाटत नाही, उलट मध्यमवर्गाबाहेरच्यांनाही हे क्षेत्र त्यामुळे थोडं खुलं झालं. अडचण दुसरीकडे आहे. कायदा कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि कंपन्या आहेत मुंबई, ठाणे, पुण्यात. नंदुरबार किंवा गडचिरोलीत काम करायचं म्हटलं, तर घराचं गणित अजूनही बऱ्याचदा जोडीदाराच्या पगारावर किंवा साठवलेल्या पैशावरच बसवावं लागतं.