दुकानाच्या नावाचं सिंथेटिक ऑइल: पार्श्वभूमी

नागपुरात घाट रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर 5डब्ल्यू-30 (हा इंजिन ऑइलच्या जाडीचा दर्जा) चे तीन डबे शेजारी ठेवलेले दिसतात. एक जाहिरातीतल्या नामांकित कंपनीचा, दुसरा गाडीच्या कंपनीचा ‘जेन्युइन’, आणि तिसरा दुकानदाराच्याच फर्मच्या नावाचा. तिन्हींवर ठळक अक्षरांत ‘फुल्ली सिंथेटिक’. पहिल्या आणि तिसऱ्याच्या भावात इतका फरक, की त्यात ऑइल फिल्टर निघून जातो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “आत सगळं सारखंच असते भाऊ, लेबल बदलते.” हे उत्तर अर्धं खरं आहे. कोणतं अर्ध, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागचं थोडक्यात. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून द्रव इंधन तयार करायची पद्धत जर्मनीत 1925 च्या सुमारास बसली. दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाची टंचाई पडल्यावर तिथेच कृत्रिम वंगणावर जोरात काम झालं. पुढे जेट इंजिनांना एस्टरची, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनवलेल्या द्रव्यांची, वंगणं लागली. मोटारीसाठी दुकानात मिळणारं सिंथेटिक अमेरिकेत 1972 मध्ये आलं, आणि 1974 मध्ये एका बड्या तेल कंपनीने स्वतःचं 5डब्ल्यू-20 उतरवलं. तेव्हा ‘सिंथेटिक’चा अर्थ सरळ होता: एथिलीनपासून रेणू जोडत जोडत बनवलेलं पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन), नाहीतर एस्टर. महाग, आणि दुकानाच्या नावाने कोणी भरून घेईल असं नव्हतंच.

दुकानाच्या नावाचं साधं ऑइल मात्र जुनंच. अमेरिकेत टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांनी ते कधीच विकायला सुरुवात केली होती. त्यात सिंथेटिक कसं शिरलं, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर एका निकालात आहे.

1997 च्या अखेरीस एका नामांकित ब्रँडने आपल्या सिंथेटिकमधलं पीएओ काढलं आणि त्याजागी हायड्रोक्रॅक केलेलं, म्हणजे कच्च्या तेलापासूनच निघालेलं बेस ऑइल (अॅडिटिव्ह मिसळण्याआधीचं मूळ तेल) टाकलं. डब्यावरचा शब्द तोच राहिला. प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली. ती कोर्टात नव्हे, तर जाहिरात धंद्याने स्वतःवर लक्ष ठेवायला नेमलेल्या विभागाकडे. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण निकालाला आज काहीजण विज्ञानाचा दाखला समजतात. प्रत्यक्षात प्रश्न एवढाच होता, की जाहिरातीत हा शब्द वापरायला पुरेसा आधार आहे का.

तक्रारदाराचं म्हणणं: जमिनीतून निघालेलं ते खनिजच, कितीही धुतलं तरी ‘बनवलेलं’ होत नाही. समोरच्याचं म्हणणं: नुसतं धुतलेलं नाही. उच्च दाबाखाली, कॅटॅलिस्टवर हायड्रोजन सोडून रेणूंची कडी फोडली, मेणाच्या सरळ साखळ्यांना फाटे फोडले. जे बाहेर पडलं ते विहिरीत त्या रूपात नव्हतंच. शिवाय पीएओसाठी लागणारं एथिलीन तरी कुठून येतं? तेच, तेल नाहीतर वायूतून. हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. त्यांच्या हाती आणखी एक पान होतं. मानकं लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या संस्थेने ‘सिंथेटिक’ची व्याख्याच आपल्या मजकुरातून काढून टाकली होती. जिथे व्याख्याच नाही, तिथे खोटं बोललात असं म्हणायचं कशाच्या आधारावर? 1999 मध्ये निकाल लागला: आधार पुरेसा आहे, शब्द वापरता येईल.

त्या दिवसापासून ‘सिंथेटिक’ हे रसायनाचं नाव राहिलं नाही, विक्रीचं झालं. हायड्रोक्रॅक बेस ऑइलचा खर्च पीएओच्या मानाने बराच कमी. डब्याचा भाव मात्र त्या प्रमाणात उतरला नाही, आणि राग धरायचाच असेल तर तो इथे धरावा. जर्मनीत असल्या ऑइलच्या डब्यावर ‘एचसी सिंथेज’ असा वेगळा शब्द दिसतो. आपल्याकडे तसा काही नाही. ‘सेमी सिंथेटिक’ म्हणजे किमान किती टक्के, याचाही सर्वमान्य आकडा नाही.

बेस ऑइलचे गट कसे पाडतात ते पाहिलं की घोळ आणखी गमतीदार होतो. एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या वर्गवारीत गट 3 म्हणजे संपृक्त घटक 90 टक्के किंवा जास्त, गंधक 0.03 टक्क्यांपर्यंत आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स (जितका जास्त, तितकी तापमानाने जाडी कमी बदलते) 120 किंवा वर. पीएओला स्वतंत्र गट 4, एस्टर वगैरे गट 5 मध्ये. आता कतारमध्ये नैसर्गिक वायूपासून 1925 च्याच रसायनाने बेस ऑइल बनतं. शब्दशः संश्लेषण! पण वर्गवारी गुणधर्म पाहते, जन्म पाहत नाही, म्हणून तेही गट 3 मध्येच. ‘गट 3 म्हणजे खोटं सिंथेटिक’ असं ठासून सांगणाऱ्या मिस्त्रीला हे सांगून पाहिलं. त्याने पाना उचलला आणि कामाला लागला.

गट 3 स्वस्त आणि मुबलक झाला, दक्षिण कोरियातून, आखातातून टँकरने येऊ लागला, तेव्हा दुकानांना दार उघडलं. दुसरी किल्ली अॅडिटिव्हची. डिटर्जंट, झीजरोधक, फेस मारणारं द्रव्य यांचं तयार पॅकेज जगात मोजक्या चार कंपन्या बनवतात, आणि इंजिन चाचण्या पास झालेला फॉर्म्युलाही तेच देतात. बेस ऑइल बदललं तर कोणत्या चाचण्या पुन्हा घ्यायच्या आणि कोणत्या नाही, याचेही नियम ठरलेले आहेत. त्यामुळे ब्लेंडिंग प्लांटकडे टाकी, पॅकेज आणि परवाना असला की तोच प्लांट सकाळी एका नावाचे डबे भरतो, दुपारी दुसऱ्या. अमेरिकेतल्या मोठ्या साखळी दुकानांची स्वस्त सिंथेटिकं अशीच भरली जातात; 2018 मध्ये एका ऑनलाइन दुकानानेही स्वतःच्या नावाचं ऑइल काढलं.

आपल्याकडे वाट थोडी वेगळी झाली. नव्वदच्या दशकात वंगणाचा धंदा मोकळा होईपर्यंत सरकारी तेल कंपन्यांचंच राज्य होतं. त्यानंतर इथलं ‘दुकानाचं ऑइल’ आधी आलं ते गाडीच्या कंपनीच्या नावाने. ‘जेन्युइन’ म्हणून सर्व्हिस सेंटरला जे ओततात ते गाडी बनवणारा स्वतः बनवत नाही, तेल कंपनी भरून देते. त्याला मात्र कोणी लोकल म्हणत नाही. डिस्ट्रिब्युटर, मल्टिब्रँड गॅरेजच्या साखळ्या यांनी नंतर तेच जॉबवर्कवर सुरू केलं. कोणी भरलं हे शोधायला गुप्तहेर लागत नाही. 2011 च्या वेष्टित मालाच्या नियमांमुळे डब्यामागे बनवणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता छापावाच लागतो. ‘मार्केटेड बाय’च्या वरची बारीक ओळ वाचायची. घाट रोडच्या त्या तिसऱ्या डब्यावर ती ओळ किमतीच्या स्टिकरखाली होती. नखाने खरवडून वाचली.

दर्जा याच मागच्या बाजूला कळतो. ‘एपीआय एसपी’ (हा दर्जा मे 2020 पासूनचा) गोल शिक्क्यात असेल तर परवाना घेतलेला आहे. नुसतं ‘मीट्स एपीआय एसएन’ असेल तर तो विकणाऱ्याचा शब्द. दुकानाच्या डब्यांत शिक्क्याचे थोडे, ‘मीट्स’चे जास्त. बाईकला जासो या जपानी मानकातलं एमए किंवा एमए2 हवंच, नाहीतर ऑइलमध्ये बुडालेला क्लच घसरतो. कारचं घर्षण कमी करणारं ऑइल बुलेटमध्ये ओतून पस्तावलेले लोक वाडीच्या प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत आहेत. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आल्यापासून डिझेल कारमध्ये धुराचा फिल्टर आहे, त्याला राख कमी सोडणारं ऑइल लागतं. सी2, सी3 या युरोपीय दर्जांत ती 0.8 टक्क्यांच्या आत. दुकानाच्या नावाची डिझेल ऑइलं बहुधा ट्रकवाल्यांसाठी बनलेली, त्यांच्यावर हे दर्जे क्वचित दिसतात. इथे स्वस्ताई महागात पडते.

नागपूरच्या हवेबद्दल एक गैरसमज पक्का आहे: मे महिन्यात 45 अंश, म्हणून जाडच ऑइल हवं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ऑइल 100 अंशांच्या आसपासच चालतं, बाहेर 45 असो की 25. एअर-कूल्ड बाईकची गोष्ट निराळी, आणि सिग्नलवर तापलेल्या रिक्षाची आणखी निराळी. उलट डब्ल्यूच्या आधीचा आकडा उणे तापमानाचा. 5डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे 30 ला होते, आणि आपल्याकडे पारा 10 च्या खाली गेला की पेपरात बातमी येते. सिंथेटिकचा इथला खरा फायदा उडून न जाण्यात आहे. 250 अंशांवर तासभर तापवून किती उडालं ते मोजतात. एसपीला मर्यादा 15 टक्के. समृद्धीवर 120 ने तासन् तास जाणाऱ्यांनी डिपस्टिक पाहिली की या आकड्याचा अर्थ कळतो. हे काम गट 3 चांगलं करतो, नाव कोणाचंही असो.

राहिला प्रश्न नकली मालाचा. ओळखीच्या गॅरेजात ऑइल बदलल्यावर पोरगा नामांकित कंपनीचा रिकामा डबा उचलतो आणि बुडाशी स्क्रूड्रायव्हर खुपसून भोक पाडतो. धड डबा भंगारात गेला तर पुन्हा भरून काउंटरवर येतो, म्हणून. दुकानाच्या नावाचा डबा मात्र त्याने तसाच बाजूला ठेवला, रेडिएटरच्या पाण्यासाठी. त्याला भोक का नाही, विचारलं.

“हे कोन भरून इकते, भाऊ?”