केबलमधून धावणारे आकडे

नवा फोर-के टीव्ही एचडीएमआय केबलने, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या केबलने, संगणकाला जोडला आणि लगेच डोळ्यांत खुपला तो माऊसचा बाण. पडद्यावरून सरसर जाण्याऐवजी तो टप्पे घेत, अडखळत सरकत होता. चित्र मात्र सुरेख होतं. सेटिंगमध्ये पाहिलं तर रिफ्रेश रेट 30 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं. केबल हलकी असणार असं धरून मी महागातली आणली, पण काडीचा फरक पडला नाही. केबलचा दोष नव्हताच. संगणकाचं पोर्ट (केबल खोचायची जागा) जुन्या पिढीचं होतं आणि त्याला एवढंच झेपत होतं. आधी कागदावर पाच मिनिटं गुणाकार केला असता तर ती खरेदी टळली असती. केबल घेण्याआधी तो प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं.

पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपके. फुल एचडी चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080, मिळून साधारण 20 लाख 74 हजार. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा रंग किती हे सांगायला 8-8 बिट (शून्य किंवा एक असे आकडे), म्हणजे 24 बिट लागतात. असं चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायचं, तर हिशेब होतो सुमारे 3 अब्ज बिट, म्हणजे सेकंदाला 3 गिगाबिट. फोर-केमध्ये ठिपके 3840 × 2160, बरोबर चौपट. त्यामुळे आकडाही चौपट होऊन 12 गिगाबिटच्या घरात जातो.

एवढ्यावर भागत नाही. दोन ओळींच्या आणि दोन चित्रांच्या मधे थोडा वेळ रिकामा सोडलेला असतो. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत एक ओळ संपवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत यायचा, त्याला तेवढी उसंत लागे. ट्यूब गेली, पण ती फट राहिली, आणि एचडीएमआयने तिचा छान उपयोग केला: आवाज याच फटीतून जातो! शिवाय वाटेत घोळ होऊ नये म्हणून एचडीएमआयच्या नेहमीच्या पद्धतीत दर 8 बिट 10 बिटांच्या रूपात पाठवले जातात. सगळं धरलं की फोर-के, 60 हर्ट्झला सेकंदाला 17.8 गिगाबिट लागतात.

आता पोर्टांच्या पिढ्या पाहा. 2009 सालच्या एचडीएमआय 1.4 ची मर्यादा 10.2 गिगाबिट, 2013 च्या 2.0 ची 18, आणि 2017 च्या 2.1 ची 48. माझा बाण का अडखळत होता ते इथे उलगडतं. 10.2 मध्ये 17.8 मावणार कसे? मग संगणक चित्रांची संख्या निम्मी करून मोकळा होतो.

खरेदी करताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी की 1.4, 2.0 हे आकडे पोर्टांचे आहेत. केबलचे दर्जे वेगळ्या नावांनी ओळखले जातात: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड. त्यांची ताकद अनुक्रमे 10.2, 18 आणि 48 गिगाबिट. साध्या फुल एचडी टीव्हीला हाय स्पीड भरपूर झाली. फोर-के 60 ला प्रीमियम घ्यावी. अल्ट्रा लागते ती फोर-केमध्ये सेकंदाला 120 चित्रं हवी असतील तेव्हा, किंवा एट-के पडदा असेल तेव्हा. प्रीमियम आणि अल्ट्राच्या अस्सल खोक्यावर स्कॅन करून तपासता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल असतं. सोन्याचा मुलामा, जाडजूड वेष्टन यांपेक्षा त्या लेबलावर विश्वास ठेवावा.

सोन्याचा मुलामा गंजापासून वाचवतो, तेवढंच त्याचं काम. त्याने रंग खुलत नाहीत. केबलच्या आत तारांच्या जोड्या असतात. जोडीतल्या एका तारेतला विद्युतदाब वाढतो तेव्हा दुसरीतला तितकाच उतरतो, आणि टीव्ही फक्त दोघींतला फरक मोजतो. बाहेरून एखादा विद्युत गोंगाट घुसलाच तर तो दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो आणि फरक काढताना वजा होऊन जातो. मला ही युक्ती फार आवडते. तिच्यामुळे बिट जसेच्या तसे पोचतात, आणि ते पोचले की स्वस्त आणि महाग केबलचं चित्र तंतोतंत एकच असतं. केबल कमी पडू लागली तर चित्र फिकट किंवा धूसर होत नाही. त्यावर पांढरे ठिपके चमकू लागतात, पडदा क्षणभर काळा होतो, नाहीतर चित्र येतच नाही.

कमी पडण्याचं मुख्य कारण लांबी. बिट जितके वेगाने धावतात तितका सिग्नल तांब्यात लवकर क्षीण होतो. म्हणून एक-दोन मीटरला जे सहज जमतं तेच दहा मीटरला अवघड होऊन बसतं. लांब पल्ल्यासाठी आत प्रकाशतंतू असलेली केबल मिळते. ती एकाच दिशेने चालते. तिचं एक टोक संगणकाचं आणि दुसरं टीव्हीचं असतं, तसं त्यावर लिहिलेलंही असतं. भिंतीतून ओढण्याआधी ते वाचावं.

संगणकाला एचडीएमआय नसेल तर? टाइप-सी पोर्ट असेल तर आधी त्यातून चित्र बाहेर पडतं का ते पाहा, कारण दिसायला सारखी असली तरी सगळी टाइप-सी पोर्टं ते करत नाहीत. डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवणारं आणखी एक पोर्ट) असेल तर काम सोपं. बहुतेक संगणकांचं हे पोर्ट गरज पडल्यास एचडीएमआयची भाषा बोलू शकतं, त्यामुळे साधा अडॅप्टरही अनेकदा पुरतो. उलट दिशेने मात्र तो चालत नाही. डीव्हीआय या जुन्या पोर्टाचा डिजिटल सिग्नल आणि एचडीएमआयचा सिग्नल सख्ख्या भावंडांसारखे, फक्त आवाजाची तार वेगळी जोडावी लागू शकते. 1987 पासूनच्या व्हीजीए पोर्टाचं प्रकरण निराळं. त्याच्यातून आकडे जातच नाहीत, चढउतार होणारा विद्युतदाब जातो. तो मोजून आकड्यांत बदलणारा, वीज लागणारा कन्व्हर्टर घ्यावाच लागतो. नुसतं टोक बदलून चित्र येणार नाही.

केबल योग्य लागली तरी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एकदा डोकवा. कित्येक टीव्हींत पूर्ण वेग काही ठरावीक पोर्टांनाच असतो, आणि तोही सेटिंगमधून चालू करावा लागतो. कडा कापल्या जाऊन खालची टास्कबार अर्धी गायब दिसली तर ती ट्यूबच्या काळातली ओव्हरस्कॅनची सवय आहे, ती बंद करता येते. शेवटी निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं लिहून पाहा. अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर कुठेतरी रंगांची माहिती कमी केली जात आहे. संगणकाच्या सेटिंगमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी (लाल-हिरवा-निळा) करा, टीव्हीवर त्या पोर्टाला पीसी असं नाव द्या, आणि तीच अक्षरं पुन्हा वाचा.