तालमीचा खुराक राहिला, तालीम सुटली : खाण्याच्या व्यसनामागचा इतिहास

आमच्या कोल्हापुरात कुणाला शुगर निघाली की घरातनं पहिलं वाक्य ठरलेलं, "तोंडावर जरा ताबा ठेवा की ओ." आणि तो माणूस मान खाली घालून ऐकून घेतो, कारण त्यालाही वाटत असतं की चूक आपलीच. मला हे बघवत नाही. खाणं सुटत नाही म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी कधी शोधलं आणि त्यावर काय उपाय सापडले, ते एकदा नीट मांडायला पाहिजे म्हणून हे लिहितोय.

आधी आपल्या गावाचं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबाग मैदान 1912 चं, आणि गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी असल्या तालमींत पोरं पहाटे उठून जोर-बैठका मारायची, लाल माती अंगाला लागेपर्यंत लढायची, मग त्यांच्यासाठी दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण हा खुराक. गंगावेशीत म्हशी उभ्या करून समोर धार काढलेलं दूध प्यायचं ते त्यातलंच. तालमीत न जाणाराही ऊस तोडायचा, मोळ्या वाहायचा, गुऱ्हाळावर चुलवाणापुढं उभा राहून काहील ढवळायचा. एवढं कष्ट करणाऱ्याला गूळ-दूध काही बाधत नव्हतं. नंतर ट्रॅक्टर आले, गाड्या आल्या, पोरं ऑफिसात नाहीतर दुकानात बसली, पण पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या तेवढ्याच राहिल्या, पाहुणचारात आग्रह तेवढाच राहिला, आणि वर प्रत्येक टपरीवर चिप्सची, बिस्किटांची पाकिटं आणि कोल्ड्रिंक लटकायला आणि थंड व्हायला लागली.

हे दुखणं नवीन आहे असं मात्र नाही. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे आजच्या डायबेटिसशी जुळणाऱ्या आजाराची, कारणं दिलीत ती वाचली की अंगावर काटा येतो : बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, दूध, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ. सुश्रुतानं तर प्रमेहाचे दोन प्रकार केले, एक जन्मानं येणारा आणि दुसरा अपथ्यामुळं होणारा, आणि गरीब रोग्याला सांगितलं की एका गावात एका रात्रीपेक्षा जास्त न थांबता शंभर योजनं चाल, नाहीतर विहिरी खण. आज डॉक्टर लाइफस्टाइल बदला म्हणतात ते हेच की.

पण "खायचं नाही हे कळतंय तरी हात जातोय" याचा वेगळा विचार व्हायला विसावं शतक उजाडलं. अमेरिकेतल्या थेरॉन रँडॉल्फ या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी 1956 मध्ये दारूवरच्या एका जर्नलमध्ये फूड ॲडिक्शनवर, म्हणजे खाण्याच्या व्यसनावर, लेख लिहिला. 1960 मध्ये लॉस एंजेलिसला ओव्हरईटर्स ॲनॉनिमस सुरू झालं, दारू सोडणाऱ्यांच्या गटांसारखंच, एकत्र बसून एकमेकांना सांभाळायचं. यात एक मोठी अडचण आहे. दारू पूर्ण बंद करता येते, जेवण करता येत नाही, त्यामुळं नेमकं काय सोडायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं लागतं. माझ्या मते खाण्याचा प्रश्न दारूपेक्षा अवघड होतो तो इथंच.

पुढं मेंदू बघायची मशीन आली. 2001 मध्ये जीन-जॅक वँग, नोरा वोल्को आणि त्यांच्या टीमनं दाखवलं की अति लठ्ठ माणसांच्या मेंदूत डोपामिन या सुखाशी जोडलेल्या रसायनाचे डी-2 रिसेप्टर, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या जागा, कमी दिसतात, नशा करणाऱ्यांमध्ये दिसतात तसे. प्रिन्स्टनला निकोल अव्हेना आणि बार्ट होबेल यांनी उंदरांना साखरेचं पाणी दिलं आणि उंदीर त्यावर तुटून पडायला लागले. यातली एक गोष्ट फार कमी लोक सांगतात : ज्या उंदरांना साखर कायम समोर होती ते असे वागले नाहीत, 12 तास उपाशी ठेवून मग साखर आणि खाणं दिलेले उंदीर असे वागले. म्हणजे दिवसभर काही खायचं नाही आणि रात्री ताव मारायचा, हा आपल्याकडं डाएट म्हणून चालणारा प्रकार किती धोक्याचा असू शकतो बघा. उंदीर म्हणजे माणूस नाही हे मान्य, तरी विचार करायला लावणारं आहे.

2009 मध्ये ॲशली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात 25 प्रश्नांची मोजपट्टी काढली, खाण्याच्या व्यसनाची लक्षणं तपासायला. तरीसुद्धा 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, अचानक भरमसाट खाण्याचा बिंज ईटिंग हा आजार स्वतंत्र म्हणून आला पण फूड ॲडिक्शन आलं नाही. काही संशोधक म्हणतात व्यसन पदार्थाचं नाही तर खाण्याच्या क्रियेचं, वाद अजून चालू आहे.

मला स्वतःला पदार्थ जास्त महत्त्वाचा वाटतो. सिगारेटवाली फिलिप मॉरिस कंपनी 1985 मध्ये जनरल फूड्स आणि 1988 मध्ये क्राफ्ट या पाकिटातलं खाणं बनवणाऱ्या कंपन्या विकत घेते, हा योगायोग म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. आणि 2019 मध्ये केव्हिन हॉल यांनी अमेरिकेत 20 जणांना संशोधन संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, दोन्हींत ताटात वाढलेली साखर, मीठ, फॅट, कॅलरी सारख्याच, खा किती खायचं ते. तीच माणसं पाकिटातल्या खाण्यावर रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. मग "तोंडावर ताबा ठेव" म्हणणाऱ्यांनी सांगावं, त्या आठवड्यांपुरता त्यांचा ताबा कुठं गेला होता?

आपल्या अंगाचंही एक वेगळं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. त्यामुळं "मी कुठं जाडा आहे" म्हणून रंकाळ्यावर रोज भेळ खाणाऱ्या सडपातळ माणसानंही शुगर तपासलेली बरी.

उपायांचा इतिहास मात्र धीर देणारा आहे. चीनमध्ये डा चिंग शहरात 1986 मध्ये शुगरच्या उंबरठ्यावरच्या 577 लोकांना घेऊन काम सुरू झालं, आहार आणि व्यायाम, सहा वर्षं. अमेरिकेच्या 2002 च्या अभ्यासात वजन 7 टक्के कमी करणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं एवढ्यावर डायबेटिसचा धोका 58 टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं 31 टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी 2006 मध्ये भारतीयांत तेच दाखवलं, आकडा लहान, 28.5 टक्के, पण गोळीइतकाच. महाराष्ट्रात 2018 च्या आसपास डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळचं जेवण आणि 45 मिनिटं चालणं घराघरात पोचलं, त्यानं बरेच लोक सकाळी बाहेर पडायला लागले हे चांगलंच झालं, फक्त ज्याला उपाशी राहिल्यावर तुटून पडायची सवय आहे किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यानं आधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि डा चिंगच्या त्या लोकांना 30 वर्षांनी परत तपासलं तेव्हा निघालं की ज्यांनी ती सहा वर्षं आहार-व्यायाम केला होता त्यांना डायबेटिस सरासरी चार वर्षं उशिरा झाला, हार्टचे आजार आणि मृत्यू दोन्ही साधारण चौथ्या हिश्श्यानं कमी. हे काम तिथं मोठ्या हॉस्पिटलात नाही, 33 छोट्या दवाखान्यांतनं झालं, गटागटानं बोलावून, परत परत विचारपूस करून. कोल्हापुरात पेठापेठांत तालमी आहेत, मंडळं आहेत, बसायला जागा आहे, आणि माणसाला नावानं हाक मारून "आज आला नाहीस?" विचारायची सवय तर आपल्याला आहेच.