औंढ्याची लहर वेगळी, खोडदची वेगळी

गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारी कंपनं, २०१५ मध्येच सापडल्या होत्या, मग जून २०२३ मध्ये अशा लहरींचा पुरावा मिळाल्याची बातमी आली, तेव्हा पुन्हा काय सापडलं? आणि औंढा नागनाथची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा अजून उभी राहायची असताना त्या बातमीत नारायणगावजवळच्या खोडदचं नाव कसं आलं? प्रश्न रास्त आहेत, कारण दोन्हीकडे शब्द एकच वापरला जातो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेने टिपलेली लहर एका टकरीची होती. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली. आपल्यापर्यंत पोचलेला तो थरथराट सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात संपला. लहरीमुळे वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनहून शेकडो पट लहान होता, तरी लेसरने तो पकडला. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला होणारी लायगो-इंडिया याच जातीची. तिला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं काम फार संथ लहरींचं आहे. दीर्घिकांच्या गाभ्यात कोट्यवधी, कधी अब्जावधी सूर्यांएवढी कृष्णविवरं जोडीने फिरत असतात. त्यांच्या लहरीचा एकच हेलकावा पुरा व्हायला काही वर्षं लागतात. अशा लहरीपुढे चार किलोमीटरची भुजा काय पुरणार! म्हणून इथे घड्याळं म्हणून पल्सार वापरतात: अतिशय नेमाने रेडिओ लहरींचे ठोके देणारे मृत तारे. लहरीमुळे हे ठोके किंचित मागेपुढे होतात, आणि ही चुकामूक वर्षानुवर्षं मोजावी लागते.

पण ठोके वाटेतही रेंगाळतात. ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांमुळे रेडिओ लहरींना उशीर होतो, आणि कमी वारंवारतेच्या लहरींना तो जास्तच होतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी नेमकी याच कमी वारंवारतेवर तरबेज आहे, त्यामुळे तो उशीर काटेकोर मोजून वजा करता येतो. पल्सारचे ठोके मोजणाऱ्या युरोपीय गटाच्या २०२३ च्या निष्कर्षांत भारतीय नोंदी मोलाच्या ठरल्या त्या यामुळे. मला या साऱ्या कहाणीतला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

दाव्यांचं वजनही सारखं नाही. लायगोने एक टक्कर स्वच्छ ओळखली आणि शोध जाहीर केला. पल्सारवाल्यांना मिळाला तो असंख्य स्रोतांचा मिसळलेला गुंजारव. त्यांनी जपून ‘पुरावा’ एवढाच शब्द वापरला. तो गुंजारव कृष्णविवरांच्या जोड्यांचाच असावा हा सर्वांत सरळ अर्थ, पण विश्वाच्या आरंभीच्या घडामोडींतूनही तसा गुंजारव उमटू शकतो.